पेन कर्नलच्या हातातच राहू दे!

तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. कर्नल म्हणजे मिलिटरीतला नाही हं, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा! कॅमेरा, ग्राफिक्स चिप, स्पीकर यांच्याशी बोलणारे बहुतेक ड्रायव्हर याच गाभ्यात, त्याच्याच अधिकारांनी चालतात. ॲप गंडलं तर ते ॲप बंद पडतं. ड्रायव्हर गंडला तर अख्खा फोन बंद पडू शकतो, नाहीतर भलत्याच्याच ताब्यात जाऊ शकतो.

उगाच घाबरवत नाहीये. २०१२ मध्ये सॅमसंगच्या एक्झिनॉस चिपच्या काही फोनमध्ये हेच उघड झालं. गॅलेक्सी एस-३ सुद्धा त्यात होता. मेमरीचं एक डिव्हाइस कुठल्याही ॲपला उघडता येत होतं आणि तिथून फोनची सगळी मेमरी वाचता-लिहिता येत होती. आत शिरायचा दरवाजा होता ‘एम-मॅप’.

ओएसच्या पेपरात आपण याची व्याख्या लिहून मोकळे होतो. फाइल किंवा डिव्हाइसची मेमरी थेट आपल्या मेमरीत दिसावी, ही प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी म्हणजे एम-मॅप. अशा प्रत्येक तुकड्याची कर्नल नोंद ठेवतो: कुठून कुठपर्यंत, वाचायचा हक्क आहे की लिहायचाही, मागे कुठली फाइल आहे. या नोंदीला व्हीएमए म्हणतात. आपण सातबारा म्हणू या.

आता जुनी पद्धत बघा. डिव्हाइससाठी मागणी आली, की कर्नल अर्धवट भरलेला सातबारा आणि पेन दोन्ही ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. ड्रायव्हरने त्यात हवं ते खरडावं. मध्येच बिनसलं, तर निस्तरायचं कर्नलने. २०२४ मध्ये सुरक्षा संशोधक यान हॉर्न यांनी यातली एक गोची दाखवून दिली. ड्रायव्हरने एरर दिल्यावर आवराआवर करताना कर्नल त्याच अर्धवट नोंदीवर ‘क्लोज’ फंक्शन बोलावत होता. जे नीट उघडलंच नाही, ते बंद करा म्हणे!

लॉरेन्झो स्टोक्स यांनी ती चूक दुरुस्त केली, आणि प्रकरण तिथेच सोडलं नाही. २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१६ मध्ये ‘एम-मॅप प्रिपेअर’ हा नवा हुक आला. आता ड्रायव्हरला सातबारा मिळत नाही, मिळतो फक्त अर्ज. कुठले हक्क हवेत, पुढे कुठली फंक्शन्स बोलवायची, एवढं त्यात भरायचं. नोंद नंतर कर्नल स्वतः करणार. ड्रायव्हरने नकार दिला, तर नोंद झालेलीच नसते. मग पुसायचं काय?

माझ्या मते हाच रस्ता बरोबर आहे. तुम्ही म्हणाल, प्रोग्रॅमरने नीट कोड लिहावा की, त्याचे हात कशाला बांधायचे? पण ड्रायव्हर ढिगाने आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांतल्या, वेगवेगळ्या अनुभवाच्या लोकांनी लिहिलेले. ‘जपून वापरा’ अशी कमेंट टाकून त्या सगळ्यांकडून शिस्त कशी पाळली जाणार? चूक करायची सोयच ठेवली नाही, तर शिस्तीचं ओझं कुणा एकावर पडत नाही.

याची किंमत आहेच. काही ड्रायव्हरना नोंद झाल्यानंतरच काम करायचं असतं. त्यांच्यासाठी अर्जात जास्तीचे रकाने लागतात. जुना हुक एका रात्रीत काढला, तर चालती यंत्रं बंद पडतील. म्हणून दोन्ही हुक शेजारी-शेजारी नांदताहेत आणि ड्रायव्हर एकेक करून नव्याकडे नेले जाताहेत. कंटाळवाणं काम आहे, पण तेच खरं इंजिनीअरिंग. आणि एक्झिनॉसची चूक नव्या हुकनेही टळली नसती, हेही मान्य करायला हवं. तिथे मुळात परवानगीच चुकीची दिली होती. ज्याला आतच सोडायला नको होतं, त्याचा अर्ज कितीही नीट भरून घेतला तरी उपयोग शून्य.

आपल्या प्रोजेक्टमध्ये आपण काय करतो? डेटाबेसचा ॲडमिन पासवर्ड सगळ्या मॉड्यूल्सना, एकच भलंमोठं ऑब्जेक्ट सगळ्या फंक्शन्सना. डेमोला चालतं, मार्क मिळतात, विषय संपतो. या सेमिस्टरला एवढंच करून बघा: प्रत्येक फंक्शनपाशी थांबून विचारा, याला अख्खी वही हवी आहे की एक ओळ पुरेल?

आणि लिनक्सचा सोर्स कोड फुकट आहे, खुला आहे. ‘एफएस डॉट एच’ नावाची फाइल उघडा, त्यातलं ‘फाइल ऑपरेशन्स’ हे स्ट्रक्चर शोधा. जुना आणि नवा, दोन्ही हुक तिथे सापडतील. जुन्याला काय मिळतं आणि नव्याला काय, ते स्वतः वाचून बघा.