पास जागेला द्यायचा असतो

मागच्या महिन्यात जुम्म्याची नमाज झाल्यावर मशिदीबाहेर चपला शोधत होतो. आमच्या भागातले एक बुजुर्ग जवळ आले. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणतो. हात धरून बाजूला घेत म्हणाले, "अपने बच्चों की अलग टीम बनाएंगे ना, मास्टर. तुम सिखाव."

खडकवासल्याला, धरणाच्या अलीकडे, काही पोरं हॉकी खेळतात. सिंहगड रस्त्याने रविवारी भजी आणि कणसं खायला चौपाटीवर येणाऱ्यांना ती दिसणारही नाहीत. त्यांतली आपली दोन मुलं एका संघात होती. दोघंही बरी खेळतात, तरी अख्खा मोसम बाकावर बसून काढला. संघाचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की भांडण नावाचं होतं आणि मुद्दा बाजूला राहतो. पण तक्रार खरी आहे. मी स्वतः तीन सामने पाहिले. त्यांच्या जागी जी मुलं खेळली ती त्यांच्यापेक्षा सरस नव्हती. तेव्हा चाचा रागावले होते ते विनाकारण नाही.

"विचार करून सांगतो," म्हणालो. हा लेख म्हणजे तो विचार.

मी शाळेत असताना फुलबॅक होतो, लेफ्ट फुलबॅक. अब्बा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मेसवर कामाला होते, त्यामुळे कॅडेटांची हॉकी लहानपणापासून पाहिलेली. राइट फुलबॅकला माझा एक वर्गमित्र खेळायचा. त्याचे वडील इथल्याच जल आणि विद्युत संशोधन केंद्रात होते. चार वर्षं आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. हॉकीत जोडी म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ते या चार वर्षांत कळलं.

ज्यांनी काठी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हॉकीच्या काठीला एकच बाजू सपाट असते आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी काठी नसते. सगळ्यांनी एकाच हाताने खेळायचं. त्यामुळे प्रत्येक खेळाडूची उजवी बाजू बळकट आणि डावी बाजू कच्ची. डावीकडून गेलेला चेंडू अडवायला काठी उलटी करावी लागते. आता दोन फुलबॅक शेजारी उभे करा. दोघांच्या मधून चेंडू आला तर तो राइट फुलबॅकच्या कच्च्या बाजूला असतो आणि लेफ्ट फुलबॅकच्या बळकट बाजूला. म्हणजे माझ्या जोडीदाराची कच्ची बाजू सांभाळणं हे माझं काम. आणि मी कडेला सरकून पुढच्याला भिडायला गेलो की माझ्यामागे मोकळी पडलेली जागा भरणं हे त्याचं काम.

एकाने भिडायचं, दुसऱ्याने मागे राहायचं. फुलबॅकच्या जोडीचा सगळा धर्म एवढाच. अवघड भाग असा की भिडणाऱ्याने मागे वळून पाहायचं नसतं. पाहिलं की अर्धा क्षण गेला आणि फॉरवर्ड डी मध्ये शिरला. दुसरा मागे आहे हे धरूनच चालायचं असतं.

पुढच्या फळीत हेच उलटं होतं. चांगला पास माणसाला देत नाहीत, जागेला देतात. जिथे आत्ता कोणी नाही तिथे चेंडू सोडायचा, आपला माणूस तिथे पोचेल या भरवशावर. पोचला तर सगळे म्हणतात, काय मेळ आहे! नाही पोचला तर चेंडू रेषेबाहेर आणि शिव्या पास देणाऱ्याला. झफर इक्बाल आणि मोहम्मद शाहिद ही जोडी ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. झफर डाव्या कडेला, शाहिद आत. एक अलीगढचा, एक बनारसचा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताने अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ असं हरवलं, त्या संघात हे दोघे होते. शाहिदच्या ड्रिबलिंगचं कौतुक सगळे करतात. पण समोरच्या बचावपटूला शाहिदइतकीच त्याच्या डावीकडे मोकळ्या जागेत धावणाऱ्या झफरची भीती असायची. दोघांपैकी कोणाला अडवायचं हे ठरेपर्यंत उशीर झालेला असे.

इथे कोणी म्हणेल, बघा, दोघे आपलेच होते, म्हणून जमलं. मग १९३६ कडे जाऊ.

बर्लिन ऑलिंपिकच्या आधी सरावाच्या सामन्यात जर्मनीने ध्यानचंदच्या संघाला ४-१ असं हरवलं. आघाडीची फळी जमत नव्हती. तेव्हा अली इक्तिदार शाह दारा यांना हिंदुस्थानातून विमानाने बोलावून घेतलं. त्या काळात एका खेळाडूसाठी विमान! दारा उपांत्य सामन्यापर्यंत पोचले आणि ध्यानचंदच्या उजव्या हाताला खेळले. डाव्या हाताला ध्यानचंदचा सख्खा भाऊ रूपसिंग. १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला. त्या दिवशीचे दोन फुलबॅक होते कार्लाइल टॅप्सेल आणि मोहम्मद हुसेन. एक अँग्लो-इंडियन, दुसरा मुसलमान. रूपसिंग रक्ताचा भाऊ होता. दारा नव्हते. ध्यानचंदला दोघेही लागत होते.

पुढची गोष्ट दुखरी आहे, पण ती गाळून हा विषय मांडता येत नाही. बारा वर्षांनी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दारा पाकिस्तानचे कर्णधार म्हणून उतरले. त्याच लंडनमध्ये लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन भारताकडून होते आणि सुवर्णपदक घेऊन परतले. पुढे तेही पाकिस्तानकडे गेले. १९५६ ला मेलबर्नच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० असं हरवलं, तेव्हा दोघेही पाकिस्तानच्या संघात होते. देश तुटतो तेव्हा नकाशावर रेघ ओढली जाते, तशी ती संघाच्या फळीतूनही जाते. वर्षानुवर्षं घडलेले मेळ एका रात्रीत निरुपयोगी होतात.

म्हणून अशा जोड्यांचं भाबडं कौतुक मला आवडत नाही. पंधरा ऑगस्टला भाषणात "टॅप्सेल आणि हुसेन, ध्यानचंद आणि दारा" अशी एकतेची तसबीर टांगायची आणि सोळा तारखेला संघ निवडताना आडनावं वाचायची, हे आपण पुष्कळ पाहिलं आहे. शिवाय जोडी जमायला प्रेम लागतं असंही नाही. 'चक दे इंडिया' आठवतो ना? त्यातल्या कोमल आणि प्रीती एकमेकींना पास देत नाहीत. शेवटी देतात तेव्हा त्या काही मैत्रिणी झालेल्या नसतात. समोर गोल दिसतो आणि दुसरी योग्य जागी असते, एवढंच.

उलट, जमलेली जोडीही बाहेरच्या गोष्टींनी बिघडते. पृथिपाल सिंग आणि गुरबक्स सिंग ही फुलबॅकची जोडी घ्या. १९६४ ला टोकियोत पाकिस्तानला १-० असं हरवून सुवर्ण परत आणलं, तेव्हा बचावात हे दोघे होते. चार वर्षांनी मेक्सिकोला जाताना कर्णधार कोण यावरून वाद झाला आणि दोघांनाही संयुक्त कर्णधार केलं गेलं. भारताला कांस्यपदक मिळालं. ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठता न येण्याची ती पहिलीच वेळ. एका कारणाने एवढं घडतं असं मी म्हणणार नाही, पण एका संघाला दोन कर्णधार देणं हा मेळ बसवण्याचा मार्ग नव्हता. दोघेही शीख होते, दोघेही थोर खेळाडू होते. एका धर्माचे असणं तिथे कामाला आलं नाही.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मैदानावर काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, घरात तमिळ बोलणारा धनराज पिल्ले, मोडक्या काठ्या जोडून खेळायला शिकला आणि भारताचा कर्णधार झाला. १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्या संघाने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण आणलं. अंतिम सामन्यात कोरियाशी बरोबरी, मग टायब्रेकर. धनराज, हैदराबादचा मुकेश कुमार, पंजाबचा बलजित ढिल्लन अशी ती आघाडी. घरी आल्यावर काय झालं? कर्णधार धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडू आणि प्रशिक्षक एम. के. कौशिक यांना वगळण्यात आलं. इतक्या वर्षांनी जमून आलेली घडी विस्कटायला काही आठवडे पुरले.

आणि अगदी अलीकडचं. पॅरिसला ४ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. चाळीसहून जास्त मिनिटं दहा जणांनी खेळून काढली. मनप्रीत सिंग मध्यफळीतून मागे आला, जो तो दुसऱ्याची जागा भरत राहिला, सामना १-१ सुटला आणि शूटआउटमध्ये श्रीजेशने जिंकून दिला. ज्यांना वर्षानुवर्षं एकमेकांच्या जागा पाठ होत्या त्यांनाच हे जमतं. पुढच्या सामन्यात रोहिदासवर बंदी होती. जर्मनीने ३-२ असं हरवलं.

आता चाचांच्या प्रश्नाकडे येतो.

चाचा, आपल्या पोरांचा वेगळा संघ काढला तर पहिल्या वर्षी बरं वाटेल. कोणी बाकावर बसणार नाही. पण ज्या मुलाने आपल्या मुलाला पास दिला नाही, त्याला तो द्यायला कधीच लागणार नाही. आपल्यालाही नाही. दोघं मोठे होतील. एक बँकेत बसेल, एक कर्ज मागायला जाईल. एक सोसायटीत फ्लॅट विकेल, एक घ्यायला जाईल. तेव्हा रिकाम्या जागेत चेंडू सोडण्याची सवय दोघांपैकी कोणालाच नसेल.

माझ्यासाठी हा नुसता विचार नाही. १९९२ च्या डिसेंबरात अब्बांनी मला बाहेर पाठवणं बंद केलं. आमच्याकडे काही झालं नव्हतं, पण रेडिओवरच्या बातम्या पुरेशा होत्या. पाचव्या दिवशी माझा राइट फुलबॅक दारात आला. शाळेत राहिलेली माझी काठी त्याच्या हातात होती. त्याने धीर दिला नाही, दंगलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. अब्बांना म्हणाला, "काका, शनिवारी मॅच आहे. हा नसेल तर मी कोणाच्या भरवशावर पुढे जाऊ?" अब्बा बराच वेळ गप्प होते. मग अम्मीला म्हणाले, त्याला चहा दे. शनिवारी मी खेळलो. सामना आम्ही हरलो, तोही माझ्या चुकीने. त्याने मला शिव्या दिल्या, नेहमीसारख्याच. त्या शिव्यांनी मला किती हलकं वाटलं, हे आज सांगितलं तर हसाल.

त्याचा-माझा संबंध चांगुलपणातून आलेला नव्हता. चार वर्षं रोज संध्याकाळी तो माझ्या डावीकडे धावला होता आणि मी त्याच्या. आमच्या डोक्यावरच्या डोंगरात प्रबोधिनी आहे, तिथे तरी दुसरं काय करतात? मुलगा कुठल्या राज्याचा, कुठल्या धर्माचा हे न पाहता त्याला स्क्वॉड्रनमध्ये टाकतात. तीन वर्षं एका मेसमध्ये जेवायचं, एका मैदानावर घाम गाळायचा. मेळ आपोआप बसत नाही, तो बसवण्याची व्यवस्था करावी लागते. लढाईसाठी जे करता येतं ते मोहल्ल्यासाठी का करता येऊ नये?

पण नुसता उपदेश करून मी सुटणार नाही. "एकत्र खेळा" हे बाकावरच्या मुलाला सांगणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. बाकावर बसून जोडी जमत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूलाही माझं सांगणं आहे. ज्या शिक्षकांच्या, प्रशिक्षकांच्या हातात यादी असते त्यांनी अकरा नावं निवडू नयेत, जोड्या निवडाव्यात. एक जोडी निदान एक मोसम तरी मोडू नये. आणि दर सामन्याला कोण किती मिनिटं खेळलं हे फळ्यावर लिहावं. हल्ली खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात, तेव्हा सगळ्यांना मिनिटं न देण्याला सबब उरलेली नाही. पक्षपात बहुधा आरडाओरडा करून होत नाही. तो मिनिटांत होतो, आणि मिनिटं मोजली की दिसतो.

तर चाचा, माझं उत्तर असं. मी शिकवतो. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा, मगरीबच्या आधी सुट्टी. संघाला नाव खडकवासल्याचं, आपलं नाही. किरकटवाडीची, नांदेड गावातली, कोल्हेवाडीची, जी पोरं येतील ती येतील. ती दोन मुलं पहिल्या दिवसापासून खेळतील, पण एकमेकांच्या शेजारी नाही. प्रत्येकाला दुसऱ्या गल्लीतला जोडीदार.

सहा महिन्यांत नाही जमलं, तर तुम्ही म्हणाल तसा संघ काढू आणि त्यालाही मीच शिकवीन. काठ्या कमी आहेत, तेवढ्या मात्र तुम्ही बघा.