कर्णाचा अपराध त्याला परत द्या

शोकांतिकेचा नायक म्हटले की मराठी वाचकाच्या ओठी पहिले नाव येते ते कर्णाचे. वि. वा. शिरवाडकरांचे 'कौंतेय', १९६७ साली प्रसिद्ध झालेली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि रणजित देसाई यांची 'राधेय' यांनी त्याला घराघरांत नेले. आमच्या बोदवडसारख्या गावीही ज्या घरात दहा पुस्तके आहेत, तेथे त्यांतील एक 'मृत्युंजय' असण्याचा संभव मोठा. ख्रिस्ती घरे याला अपवाद नाहीत. याचा आनंदच आहे. माझे भांडण या लेखकांशी नाही, आपल्या वाचनाशी आहे. आपण कर्णासाठी अश्रू ढाळतो आणि त्या अश्रूंत त्याचा अपराध धुऊन टाकतो. अपराध गेला की शोकांतिकाही गेली. उरते ती केवळ कीव.

महाकाव्याचा नायक एकटा नसतो. राम, अर्जुन, ओडिसियस यांच्या मागे कुळ असते, राज्य असते, परतण्याचे घर असते. त्यांच्या हातूनही चुका होतात, परंतु कथेचा ओघ त्या चुका पोटात घालून पुढे जातो. शोकांतिकेच्या नायकाला असा आधार नाही. त्याने निर्णय घ्यायचा, त्याचे फळ त्यानेच भोगायचे आणि आपण काय केले हे शेवटी उघड्या डोळ्यांनी पाहायचे.

ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त सांगितले आहे की, असा नायक पूर्ण सज्जन नसतो आणि पूर्ण दुर्जनही नसतो. एखाद्या 'हामार्तिया'मुळे त्याचा पात होतो. या ग्रीक शब्दाच्या मुळाशी 'नेम चुकणे' हा अर्थ आहे. ॲरिस्टॉटलला त्यातून पाप म्हणायचे नव्हते हे खरे. पण पुढे नव्या करारात पापासाठी हाच शब्द आला, हा योगायोग आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. ज्याचा नेम क्वचितच चुके, त्या धनुर्धराचा खरा नेम कोठे चुकला, हे आपण विचारायला नको काय?

तो चुकला द्यूतसभेत. सभापर्वात द्रौपदीला 'बंधकी' म्हणजे कुलटा म्हणणारा आणि तिची वस्त्रे उतरविण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. यावर उत्तर येते, 'स्वयंवरात तिने त्याला सूतपुत्र म्हणून नाकारले होते ना!' पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तो नकार मुख्य संहितेत नाही. सभेतील कर्णाचे शब्द मात्र आहेत. आणि नकार दिला होता असे क्षणभर मानले, तरी त्यामुळे असहाय स्त्रीची विटंबना न्याय्य कशी ठरते?

कर्णावर अन्याय झाला नाही, असे मी म्हणत नाही. भर रंगणात भीमाने त्याला 'चाबूक हाती घे' म्हणून हिणवले. जन्मावरून असा अवमान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांना कर्ण आपला वाटावा यात नवल नाही. परंतु त्यांच्यासाठीच माझा आग्रह आहे. केवळ सोसणाऱ्याची लोक दया करतात. आपल्या कृत्याचा भार जो स्वतः उचलतो, त्याचा आदर करावा लागतो. कर्णाला निरपराध ठरविणारे त्याला पुन्हा एकदा लहान करतात.

सोफोक्लीसचा ईडिपस पाहा. तोही कर्णासारखाच जन्मतः टाकलेला, परक्यांनी वाढविलेला. त्याने जे केले ते अजाणता केले. सारा दोष दैवावर टाकणे त्याला किती सोपे होते! तरी सत्य कळताच तो स्वतःच्या हाताने स्वतःचे डोळे फोडतो आणि तो हात आपलाच होता हे सांगतो.

व्यासांचा कर्ण याहून उणा नाही. उद्योगपर्वात श्रीकृष्ण त्याला त्याचे जन्मरहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण ते नाकारतो, कारण अधिरथ आणि राधा यांचे प्रेम आणि दुर्योधनाचे सख्य त्याला विकायचे नाही. पराभव समोर दिसत असताना तो हे बोलतो. त्याच संवादात तो कबूल करतो की, दुर्योधनाला खूश करण्यासाठी मी पांडवांना कठोर बोललो आणि त्या कृत्याने आज मी पोळतो आहे. नायक उभा राहतो तो येथे. कवचकुंडलांच्या दानापेक्षाही हे दान मोठे आहे. आपण मात्र दानाची गोष्ट मुलांना सांगतो आणि ही कबुली गाळतो.

हीच गत 'नटसम्राटा'ची. १९७० पासून प्रेक्षक अप्पासाहेब बेलवलकरांच्या मुलांना दूषणे देत घरी जातात. जे होते ते हौसेने वाटून टाकण्याचा निर्णय अप्पासाहेबांचाच होता, हे कितीजणांच्या ध्यानी राहते?

वाङ्‌मयाच्या या वादाचे घराशी नाते आहे. कर्णाला निर्दोष मानायला शिकलेला मुलगा स्वतःलाही तसेच मानू लागतो. परीक्षेत नापास झाला तर गुरुजी वाईट, संसार मोडला तर बायको वाईट, व्यसन जडले तर मित्र वाईट. अन्याय खरे असतात आणि त्यांच्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण झालेला अन्याय केलेल्या अन्यायाची पावती फाडत नाही. ज्या घरात 'माझे चुकले' हे दोन शब्द कोणीच उच्चारत नाही, तेथे शोक पुष्कळ असतो, नायक एकही नसतो.

म्हणून 'मृत्युंजय' अवश्य वाचा. पण तिच्याशेजारी सभापर्व आणि उद्योगपर्वही ठेवा. कर्णाचा अपराध त्याचा त्याला परत द्या. त्याच्याबरोबर त्याचा पश्चात्ताप आपोआप परत येईल, आणि त्याची थोरवीही.