चिझम पडली म्हणता?

दोस्तांनो, १९७२ साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाकडं अध्यक्षपदाची उमेदवारी मागायला शर्ली चिझम उभी राहिली. जातीनं काळी, वर बाई. १९६८ ला तिथल्या संसदेत निवडून गेलेली पहिली काळी स्त्री. शहाणे म्हणाले, मतं फुटतील. अरे, ती मतं गोऱ्यांच्या बापाची होती काय? कित्येक काळे पुढारीसुद्धा बाई म्हणून मागं सरले. ब्लॅक पँथरनं मात्र जाहीर पाठिंबा दिला. मायामी बीचच्या अधिवेशनात तिला १५२ मतं पडली, उमेदवारी मॅकगव्हर्नला गेली. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. 'निवडून येणार का?' हे आपल्यालाही ऐकवतात. मी म्हणतो, आपण उभंच राहिलो नाही तर आपल्याला मोजणार कोण?