कारण न सापडलेला पक्षाघात : शोध आता धमनीच्या भिंतीत

पक्षाघाताचा रुग्ण सावरून घरी निघतो, तेव्हा नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. हे कशामुळे झाले? आणि पुन्हा होईल का? मेंदूची रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या पक्षाघाताच्या साधारण चार रुग्णांपैकी एकाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळत नाही आणि त्यामुळे दुसऱ्यालाही मिळत नाही. मेंदूचा एमआरआय, मानेच्या धमन्यांची डॉप्लर तपासणी, ईसीजी, इको, रक्ताच्या चाचण्या असे सारे सोपस्कार होतात आणि तरीही डिस्चार्ज कार्डावर ‘क्रिप्टोजेनिक स्ट्रोक’, म्हणजेच कारण अज्ञात, एवढीच नोंद उरते. या नोंदीचा परिणाम कागदापुरता मर्यादित नसतो. गुठळी हृदयातून आली असेल तर एक औषध लागते, धमनीतल्या मेदाच्या थरातून आली असेल तर दुसरे, आणि धमनीला दाह झाला असेल तर तिसरेच. कारण ठाऊक नसेल, तर उपचार अंदाजावर चालतात.

हा अंदाज किती चुकू शकतो, याचा अनुभव वैद्यकशास्त्राने गेल्या दशकात घेतला. २०१४ साली तज्ज्ञांच्या एका गटाने अशा रुग्णांसाठी ‘ईसस’, म्हणजे उगम न सापडलेल्या गुठळीमुळे झालेला पक्षाघात, ही संकल्पना मांडली. यातल्या बहुतेक गुठळ्या हृदयात किंवा मोठ्या धमन्यांत तयार होत असाव्यात आणि गुठळीरोधक औषधे ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरतील, असा त्यामागचा तर्क होता. तो तपासण्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या. सात हजारांहून अधिक रुग्णांवरील ‘नेव्हिगेट ईसस’ ही रिव्हरॉक्सॅबॅनची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत पक्षाघात कमी झाला नव्हता, रक्तस्राव मात्र वाढला होता. २०१९ मध्ये डॅबिगॅट्रॅनची ‘रिस्पेक्ट ईसस’ ही चाचणीही ॲस्पिरिनवर मात करू शकली नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यात बिघाडाच्या खुणा असलेले रुग्ण निवडून केलेली ‘आर्केडिया’ ही ॲपिक्सॅबॅनची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्षही वेगळा नव्हता.

या अपयशाचा अर्थ औषधे निकामी आहेत, असा नाही. ‘कारण अज्ञात’ या एका नावाखाली अनेक वेगवेगळे आजार एकत्र कोंबले गेले होते, हा त्याचा खरा अर्थ आहे. त्या गाठोड्यातून एकेक आजार वेगळा काढायचा असेल, तर पाहण्याची पद्धतच बदलावी लागते. धमनीच्या भिंतीच्या चित्रणाकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे ते यामुळेच.

नेहमीची अँजिओग्राफी धमनीतून वाहणाऱ्या रक्ताचा प्रवाह दाखवते. प्रवाह अरुंद झाला असेल तर दोष दिसतो, तो रुंद असेल तर धमनी निर्दोष ठरते. पण खाजनातले पाणी संथ दिसले म्हणून बांध शाबूत आहे असे कोणताही शेतकरी मानत नाही, खेकड्यांनी तो आतून पोखरलेला असू शकतो. धमनीचेही तसेच आहे. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ सेमूर ग्लॅगॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या धमन्यांचा अभ्यास करून दाखवून दिले, की मेदाचा थर साचू लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूने फुगते. थराने बरीच जागा व्यापेपर्यंत आतला मार्ग जवळपास पूर्वीइतकाच राहतो. म्हणजेच प्रवाह सुरळीत आणि भिंत आजारी, ही स्थिती दीर्घकाळ टिकू शकते.

तरीही पक्षाघाताचे वर्गीकरण अरुंदपणाच्या टक्केवारीवरच उभे राहिले. १९९१ च्या ‘नॅसेट’ चाचणीने मानेची धमनी ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद झालेल्या, त्रास सुरू झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा मोठा लाभ होतो, हे सिद्ध केले. १९९३ च्या ‘टोस्ट’ वर्गीकरणाने मोठ्या धमनीला कारण ठरवण्यासाठी ५० टक्क्यांची रेघ आखली. या रेघेखालचा थर फुटून गुठळी सुटली, तरी व्याख्येमुळेच तो रुग्ण ‘कारण अज्ञात’ या रकान्यात जाऊ लागला.

भिंतीचे चित्रण करणाऱ्या एमआरआयमध्ये वाहत्या रक्ताचा संदेश मुद्दाम दाबला जातो. चित्रात रक्त काळे दिसते आणि भोवतालची भिंत उठून दिसते. मानेच्या धमनीतील थराच्या पोटात रक्तस्राव झाला आहे का, मेदाचा गाभा केवढा आहे, त्यावरचे तंतुमय आवरण पातळ झाले आहे किंवा फाटले आहे का, हे त्यातून कळू शकते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ईससच्या रुग्णांच्या मानेच्या दोन्ही धमन्यांची तुलना केली गेली. पक्षाघात झालेल्या बाजूच्या धमनीत असा धोकादायक पण फारसा अडथळा न करणारा थर सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आढळला, तर दुसऱ्या बाजूला तो सुमारे पाच टक्क्यांतच होता. दोन्ही धमन्या एकाच माणसाच्या, त्यामुळे वय, मधुमेह, धूम्रपान हे घटक दोन्हीकडे सारखेच. म्हणून हा फरक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

भारताच्या दृष्टीने मेंदूच्या आतल्या धमन्या अधिक महत्त्वाच्या आहेत. आशियाई लोकांत या धमन्यांमध्ये मेद साचण्याचे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जास्त आढळते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील रुग्णनोंदींवर आधारित, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही मोठ्या धमन्यांचा आजार हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण ठरले होते आणि त्यात मेंदूच्या आतल्या धमन्यांचा वाटा ठळक होता. कारण न सापडलेले रुग्ण तिथेही चौथ्या हिश्शाच्या आसपास होते. या धमन्या काही मिलिमीटर रुंदीच्या असल्याने त्यांची भिंत पाहण्यासाठी सहसा तीन टेस्ला क्षमतेचे यंत्र लागते. भिंत एका बाजूने जाड झाली असेल तर कल मेदाच्या थराकडे जातो. ती सर्व बाजूंनी सारखी जाड असून कॉन्ट्रास्टनंतर उजळत असेल तर दाहाची शंका येते. भिंतीच्या थरांत रक्त शिरल्याचे दिसले तर धमनी आतून चिरल्याचे निदान होते.

हा फरक उपचारांची दिशाच बदलतो. दाहावर स्टेरॉइड लागतात, तर धमन्या तात्पुरत्या आक्रसण्याच्या विकारात तीच औषधे अपायकारक ठरू शकतात. क्षयरोगाच्या मेंदुज्वरातही धमन्यांना दाह होऊन पक्षाघात होतो आणि भारतात ही शक्यता दुर्लक्षून चालत नाही. मेदाचा थर सापडला तर कोलेस्टेरॉलचे लक्ष्य कठोर ठेवण्याला आधार मिळतो. २०१९ च्या ‘ट्रीट स्ट्रोक टू टार्गेट’ या चाचणीत धमन्यांत मेद असलेल्या रुग्णांचे एलडीएल ७० च्या खाली ठेवल्यावर पुढचे आघात कमी झाले होते.

मात्र या तंत्राचा गवगवा करण्याआधी त्याच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. भिंतीचे चित्रण करून उपचार ठरवल्यास रुग्णांचे अंतिम हित साधते, हे मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतून अद्याप सिद्ध झालेले नाही. वयस्कर माणसांच्या धमन्यांत थर असणे ही सामान्य बाब आहे. दिसला तो थर दोषी, असे मानणे घाईचे ठरेल. तपासणीला वेळ लागतो, रुग्ण हलला तर चित्र बिघडते आणि मूत्रपिंडाच्या गंभीर आजारात कॉन्ट्रास्ट देताना विचार करावा लागतो. शिवाय दोष दिसला म्हणजे तो दुरुस्त केलाच पाहिजे, असेही नाही. २०११ च्या ‘सॅम्प्रिस’ चाचणीत मेंदूतील अरुंद धमनीत स्टेंट बसवलेल्यांपैकी १४.७ टक्के रुग्णांना ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यूला सामोरे जावे लागले. केवळ औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ५.८ टक्के होते.

हृदयाचा शोधही सोडता येत नाही. २०१४ च्या ‘क्रिस्टल एएफ’ चाचणीत त्वचेखाली बसवलेल्या लहान यंत्राने वर्षभरात १२.४ टक्के रुग्णांत हृदयाच्या ठोक्यांची लपलेली अनियमितता शोधली, तर नेहमीच्या पद्धतीने ती दोनच टक्क्यांत सापडली होती. दोन्ही शोध परस्परपूरक आहेत.

गोव्यासारख्या राज्याला यातून व्यवहार्य मार्ग काढता येण्याजोगा आहे. प्रत्येक रुग्णाला महागड्या तपासणीकडे पाठवणे हे धोरण होऊ शकत नाही. पहिले पाऊल बिनखर्चाचे आहे. दाखल होताना काढलेल्या सीटी अँजिओग्राफीतच मानेच्या थराची जाडी मोजता येते आणि तरुणांत पक्षाघाताचे कारण ठरणारा धमनीतला लहानसा पडदाही दिसू शकतो. ती चित्रे केवळ टक्केवारीसाठी न वाचता भिंतीसाठी पुन्हा वाचली गेली पाहिजेत. त्यानंतरही कोडे सुटले नाही, रुग्ण तरुण असला किंवा औषधे चालू असताना पुन्हा झटका आला, तर भिंतीच्या चित्रणाचा विचार व्हावा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी असे रुग्ण एकत्र बसून पाहण्याची पद्धत रुजली, तर म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांतून कोणाला पुढे पाठवायचे याचे निकषही ठरू शकतील. केवळ यंत्र विकत घेऊन हे साधणार नाही. चित्र वाचणारी तयार नजर त्याहून दुर्मीळ असते.

रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांवरचे नियंत्रण कारण सापडो वा न सापडो, प्रत्येक रुग्णासाठी सारखेच अनिवार्य आहे. पण ‘धमनी अरुंद नाही’ या अहवालाचा अर्थ ‘धमनी निरोगी आहे’ असा होत नाही, हे आता स्पष्ट झाले आहे. डिस्चार्ज कार्डावरील ‘कारण अज्ञात’ हे शब्द तपासाचा शेवट मानायचे की पुढच्या तपासाची सुरुवात, यावर अनेकांचा दुसरा झटका टळणे अवलंबून आहे.