एफ/22 चे फर्मान

पूल व मोऱ्यांच्या पाहणीची छायाचित्रे ठेक्याने काढून घेणाऱ्या एका बांधकाम कचेरीने गेल्या महिन्यात असा हुकूम काढला आहे की, प्रत्येक छायाचित्र एफ/22 वरच घेतलेले असावे, आणि फाइलीतील नोंदीत तो आकडा न आढळल्यास देयक नामंजूर व्हावे. अ‍ॅपर्चर लहान केले की पुढचेमागचे सारे स्पष्ट येते, एवढे अर्धे शास्त्र कोणाच्या तरी कानी पडले आणि त्याचाच नियम झाला, हे उघड आहे.

या हुकुमाबद्दल आमच्याकडे आलेल्या तक्रारींसोबतची एकाच जागेची दोन चित्रे आम्ही पूर्ण आकारात पाहिली. स्लॅबच्या पोटाला गेलेली बारीक भेग, जी दाखविण्यासाठीच हा सारा खटाटोप, ती एफ/8 च्या चित्रात चुन्याच्या पांढऱ्या ओघळासह स्वच्छ दिसते. एफ/22 च्या चित्रात तेथे केवळ एक करडा पट्टा उरतो. हा लेन्सचा दोष नव्हे. विवर्तनामुळे बिंदूची जी चकती होते तिचा व्यास एफ/8 ला सुमारे 11 मायक्रॉन, तर एफ/22 ला सुमारे 30 मायक्रॉन असतो. आणि 24 मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा पिक्सेल जेमतेम 4 मायक्रॉनचा असल्याने, कितीही महाग लेन्स लावली तरी तो तपशील हाती लागणे नाही. शिवाय तीन स्टॉप प्रकाश गमावून शटर 1/125 वरून 1/15 वर येते. मोरीत वाकून, कॅमेरा हातात धरून काम करणाऱ्याला याचा अर्थ सांगावयास नको. बरे, डेप्थ तरी कमी पडत होती काय? 18 मिलिमीटरवर एफ/8 ला दोन मीटरवर फोकस ठेवला, तर एक मीटरपासून अनंतापर्यंत सारे कामापुरते स्पष्ट येते.

परंतु याहून अधिक खेद वाटतो तो आपल्याच काही व्यवसायबंधूंचा, ज्यांनी हरकतीचा एक अर्जही न करता एफ/8 वर चित्रे घेऊन नोंदीतील आकडा सॉफ्टवेअरने 22 करून देण्याची वाट धरली आहे. ही सरकारी दफ्तरातली खोटी नोंद होय. उद्या पुलाचा वाद न्यायालयात गेला, तर हा एक बदललेला आकडा साऱ्या चित्रांची विश्वसनीयता घालवील. हे आजच थांबवा. एकाच भेगेची दोन्ही चित्रे, नोंदींना हात न लावता, लेखी हरकतीसह कार्यकारी अभियंत्यांकडे दाखल करा, पोच घ्या, आणि तिची एक प्रत आमच्याकडे पाठवा.