गॅस भरला, पण गळती शोधली का?

उन्हाळा तोंडावर आला की टॅक्सी, टुरिस्ट गाडी चालविणाऱ्या आपल्या बांधवांची गॅरेजवाल्याकडे रांग लागते. एसी थंड करीत नाही, प्रवासी कुरकुर करतो. मेकॅनिक सांगतो, "गॅस संपलाय." गॅस भरला जातो, पैसे मोजले जातात आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच रडगाणे! गाडीचा हप्ता, डिझेल, मुलांची फी यांतून काढलेला हा पैसा अक्षरशः हवेत जातो.

वाचकहो, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी पाईप व सील यांतून वर्षाकाठी थोडासा कमी होतो, तेवढेच. महिन्या-दोन महिन्यांत थंडावा गेला तर कोठेतरी गळती आहेच. मी कॉमर्सचा माणूस. तिजोरीत तूट आली तर कारकून आधी तूट शोधतो, खिशातली रक्कम टाकून वही मिटवीत नाही. येथेही तोच न्याय लावावा.

आधी एक खात्री करावी. पंखा बंद असेल, केबिन फिल्टर धुळीने भरला असेल, तरीही थंडावा कमी होतो. तसेच एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकते, ती गळती नव्हे. ते हवेतील दमटपणाचे पाणी.

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. म्हणून गळतीच्या जागी बहुधा तेलकट डाग पडतो व त्यावर धूळ चिकटते. बॉनेट उघडून पाईपांचे सांधे, कॉम्प्रेसरची पुढची बाजू आणि पुढील जाळीमागचा कंडेन्सर नीट पाहावा. कंडेन्सरला रस्त्यावरचे खडे लागतात. गॅस भरण्याच्या व्हॉल्व्हवर टोपण आहे का, तेही पाहावे. एवढ्याशा टोपणाकडे कोणी लक्षच देत नाही!

पुढचे काम मेकॅनिकचे. सांध्यावर साबणाचे पाणी लावल्यास मोठ्या गळतीला बुडबुडे येतात. बारीक गळतीसाठी गॅसमध्ये रंगद्रव्य सोडून निळसर दिव्याखाली पाहतात. गळतीची जागा चमकते. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर त्याची नळी सांध्याच्या खालून फिरवावी, कारण हा वायू हवेपेक्षा जड आहे. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉईल डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी पाणी बाहेर जाण्याच्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरतात. डॅशबोर्ड खोलण्याची मजुरी मोठी असते, म्हणून ही तपासणी आधी करवून घ्यावी.

"व्हॅक्यूम टिकला, गळती नाही" असे ऐकविले जाते. त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. व्हॅक्यूममध्ये फार तर एका वातावरणाचा दाब बाहेरून पडतो. चालू एसीत दहा-पंधरा पटींचा दाब आतून असतो. बारीक भोक व्हॅक्यूममध्ये गप्प राहते. नायट्रोजन रेग्युलेटर लावून भरून दाब तपासणे अधिक खात्रीचे.

गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलांनी मात्र जपावे. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही भरू नये. तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. द्रवरूप गॅस डोळ्यांत वा हातावर उडाला तर इजा होते, म्हणून चष्मा-हातमोजे हवेतच. पूर्वीचे मिस्त्री आर-१२ गॅससाठी ज्योतीचा दिवा वापरीत, ज्योत हिरवी झाली की गळती सापडे. आताच्या आर-१३४ए गॅसमध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे तो दिवा निरुपयोगी; उलट ज्योतीतून विषारी धूर होतो. स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरून देणारे भेटतात. तो पेट घेतो. अशा गाडीत आपली बायकापोरे बसतात!

बॉनेटखालच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. तेवढाच गॅस वजन करून भरून घ्यावा, गळती कोठे सापडली ते बिलावर लिहून मागावे आणि बदललेला जुना भाग ताब्यात घ्यावा.