‘क्लायंटला चालेल का?’

माझं गाव परभणी जिल्ह्यातलं. आई-वडील शेतमजूर, घरात पदवी घेणारा मी पहिला. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून, स्कॉलरशिपची वाट पाहत इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि नोकरीसाठी बंगळुरूला आलो. आज एका सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे. परदेशी कंपन्यांसाठी इथे टीम उभ्या करणं हे माझं काम. या कामात माझ्या हातून झालेल्या एका अन्यायाबद्दल आज लिहितो आहे, कारण तो तुमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला आला असेल आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागला नसेल.

आधी हा धंदा कसा चालतो ते सांगतो. प्रोजेक्ट विकणं वेगळं आणि टीम विकणं वेगळं. प्रोजेक्टमध्ये ठरलेल्या किमतीत ठरलेलं सॉफ्टवेअर बनवून द्यायचं असतं. ते नेमकं कोणी लिहिलं याच्याशी क्लायंटला फारसं देणंघेणं नसतं. डेडिकेटेड टीममध्ये मात्र क्लायंट माणसं घेतो. आठ डेव्हलपर, दोन टेस्टर, एक लीड, आणि प्रत्येकाचा महिन्याचा दर ठरलेला. ही माणसं पगार आमच्याकडून घेतात, पण त्यांचं रोजचं काम क्लायंटच्या जिरावर, क्लायंटच्या स्लॅकवर, क्लायंटच्या स्टँडअपमध्ये चालतं. माणूस पसंत पडला नाही तर तो बदलून द्यायचं कलमही करारात असतं. ज्याला टीम मिळत नाही तो बेंचवर. बेंचवरच्या माणसाचं बिल निघत नाही, आणि कपात आली की पहिली यादी तिथूनच निघते.

म्हणून टीममध्ये कोण जाणार हा आमच्याकडे पोटापाण्याचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर परीक्षेत ठरत नाही. ते एका खोलीत, चार-पाच जणांच्या बोलण्यात ठरतं. त्या खोलीत एक वाक्य सतत ऐकू येतं : ‘क्लायंटला चालेल का?’

चार वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका क्लायंटला अकरा जणांची टीम सहा आठवड्यांत हवी होती. आमच्याकडे बहुतेक कंपन्यांत नोटीस पीरियड तीन महिन्यांचा. मग सहा आठवड्यांत माणसं आणायची कुठून? ओळखीतून. लीडला फोन जातो, ‘तुझ्याकडे कोणी आहे का?’ लीड आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकतो, मेहुण्याला सांगतो, जुन्या रूममेटला सांगतो. रेफरलचा बोनसही मिळतो. त्या टीममध्ये अकरापैकी सहा जण एकाच लीडच्या ओळखीतून आले. कोणी कोणाची जात विचारली नाही, विचारायची गरजच पडली नाही. ज्याच्या घरातला, नात्यातला, गल्लीतला एकही माणसू या क्षेत्रात नाही, त्याचं नाव त्या ग्रुपवर येणार कसं?

त्यावेळी विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजचा मुलगा अर्ज करून आला होता. कोडिंग टेस्टमध्ये तो सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्याशी बोलायला मीच बसलो. इंग्रजीत बोलताना तो थांबायचा, शब्द शोधायचा. मुद्दा मात्र बरोबर मांडायचा. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘कम्युनिकेशन वीक’, आणि त्याचं नाव क्लायंटकडे जाणाऱ्या यादीतून काढून टाकलं. वरिष्ठांसमोर माझी स्वतःची निवड चुकू नये, एवढीच माझी धडपड होती. आपल्यातलाच म्हणून याला घेतलं असं कोणी म्हणू नये, हीही भीती होती. खोटं कशाला बोलू?

काम सुरू झालं. जर्मनीतला टीम लीड रोज कॉलवर यायचा. त्याचं इंग्रजी अडखळत चालायचं. मधेच थांबून तो सहकाऱ्याला जर्मनमध्ये शब्द विचारायचा आणि पुढे बोलायचा. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. क्लायंटने त्या मुलाला नाकारलं नव्हतं. क्लायंटला आम्ही तो दाखवलाच नव्हता.

हे नवं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या व्यवस्थापकांच्या मुलाखतींवरून दाखवून दिलं, की हे लोक मेरिटची भाषा बोलतात आणि उमेदवाराला ‘फॅमिली बॅकग्राउंड’ही विचारतात. वडील काय करतात, भाऊ काय करतो, घरात शिकलेलं कोण. या विचारण्यात त्यांना काहीच विसंगत वाटत नाही.

बंगळुरूत माझ्या मराठी आडनावावरून बऱ्याच जणांना काही कळत नाही. म्हणून प्रश्न वळसा घेऊन येतात. ‘एंट्रन्सला रँक किती होती?’ ‘घरी नॉनव्हेज चालतं का?’ ‘फुल नेम काय?’ आपल्या लोकांनी हे प्रश्न नागपुरात ऐकलेत, हैदराबादेत ऐकलेत, नोएडातही ऐकलेत.

काही जण म्हणतील, हा धंदा आहे, इथे समाजकार्य कसलं? मान्य. मग धंद्याचाच हिशेब करू. टेस्टमध्ये सर्वांत पुढे असलेला मुलगा मी गाळला आणि क्लायंटला त्याच्या पैशात त्याच्याहून कमी दर्जाचा माणूस दिला. यात मेरिट कुठे राहिलं? आणि एकदा बसलेली घडी पुढे तशीच राहते. काही करारांत टीम दोन-तीन वर्षांनी क्लायंटच्या भारतातल्या कंपनीत वर्ग होते. पहिल्या सहा आठवड्यांत जो आत गेला तो बड्या परदेशी कंपनीचा कायम कर्मचारी होतो आणि उद्या तोच मुलाखती घेतो. त्याच्या ओळखीतून पुढची भरती होते.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, त्यामुळे कायद्याचा आधार तोकडा आहे. पण एक जागा आहे जिकडे आपण फारसं पाहत नाही. ती म्हणजे क्लायंटचा करार. मोठे क्लायंट पुरवठादारांना आचारसंहिता सही करायला लावतात. वंश, धर्म, लिंग, अपंगत्व यांवरून भेदभाव करणार नाही, असं आमची कंपनी लिहून देते. मी हाताळलेल्या करारांत ‘जात’ हा शब्द मला दिसला नाही. तो घालता येतो. अ‍ॅपलने २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या धोरणात तो स्पष्टपणे घातला. सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळाने मंजूर केलेलं तसं विधेयक राज्यपालांनी परत पाठवलं. आधीच्या कायद्यांत हे येतंच, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे लढाई अर्धीमुर्धी आहे, पण ‘कास्ट’ म्हणजे काय हे क्लायंटला आता पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. मागच्या वर्षी एका नव्या कराराच्या वेळी मी हा शब्द सुचवला. आमच्या लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. क्लायंटच्या वकिलाने एका ओळीत होकार कळवला.

माझ्या टीमपुरते मी काही नियम केलेत. पहिल्या चाळणीत नाव, फोटो, कॉलेज झाकलेलं असतं. सगळ्यांना तेच प्रश्न. ‘कम्युनिकेशन वीक’ असा मोघम शेरा चालत नाही, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर आलं ते लिहावं लागतं. निम्म्याहून जास्त माणसं रेफरलची घ्यायची नाहीत. आणि टेस्टमधले पहिले पाच क्लायंटला दाखवायचेच. याने चमत्कार झालेला नाही. भरतीला दहा-बारा दिवस जास्त लागतात आणि त्याबद्दल मला बोलणी बसतात. पण गेल्या दोन टीममध्ये घरातले पहिले पदवीधर असलेले चार जण आत आले. त्यातल्या एकालाही क्लायंटने बदलून मागितलं नाही.

अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं : नकार आला तर तो कोणत्या फेरीत आला हे मेल करून विचारा. उत्तर येईलच असं नाही, पण विचारलं जातंय हे कळलं की शेरे लिहिणाऱ्याचा हात थोडा जपून चालतो. आत असलेल्यांना सांगणं : रेफरलची पद्धत जोवर चालू आहे तोवर त्यात आपल्या पोरांची नावं घाला. आपलं माणूस घेतलं म्हणून कोणी टोमणा मारेल. टेस्टचे मार्क पुढे ठेवा आणि गप्प बसा.

त्या मुलाला मी दोन वर्षांनी शोधून फोन केला. तो पुण्यात एका छोट्या कंपनीत होता. मी घडलं ते सगळं सांगितलं. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “सर, मला एचआरने सांगितलं होतं, क्लायंटने रिजेक्ट केलं. तेव्हापासून मी इंग्रजीचे क्लास लावलेत.”

मी माफी मागितली. पुढच्या टीमसाठी अर्ज कर म्हणालो. त्याने विचार करून सांगतो म्हटलं आणि नंतर कळवलं नाही. तो त्याचा हक्क आहे. माझ्याकडे एवढंच उरतं, की यादी बनवायची पाळी पुन्हा येते तेव्हा कोणाचंही नाव खोडण्याआधी कारण लिहायचं, आणि ते त्या माणसाला तोंडावर सांगता येईल का हे स्वतःला विचारायचं.